अपडेटच्या आधी जुना ‘फॉलआउट ४’ कसा वाचवला

एप्रिल २०२४मध्ये ‘फॉलआउट’ ही वेब मालिका गाजत असतानाच गेम कंपनी बेथेस्डाने ‘फॉलआउट ४’ या व्हिडिओ गेमचं मोठं अपडेट २५ एप्रिलला येणार असं जाहीर केलं. मॉड, म्हणजे गेममध्ये बदल करणाऱ्या जोडण्या, बनवणाऱ्यांनी मात्र वेगळीच तयारी सुरू केली: चारेक वर्षं न बदललेली १.१०.१६३ ही आवृत्ती हातची जाऊ द्यायची नाही.

गेममधले कपडे, घरं, बंदुका बदलणाऱ्या साध्या मॉडना अपडेटचा फारसा त्रास होत नाही. खरी अडचण एफ४एसईवर चालणाऱ्या मॉडची. एफ४एसई हा छोटा प्रोग्राम चालू गेमच्या मेमरीत शिरतो आणि ठरावीक पत्त्यांवरची (मेमरीतल्या जागांवरची) फंक्शन्स, म्हणजे कोडचे तुकडे, आपल्याकडे वळवतो. कंपनीने कोड पुन्हा कंपाइल केला, म्हणजे त्यापासून गेमची चालणारी फाइल नव्याने बनवली, की हे पत्ते सरकतात, मग खेळणाऱ्याला एकही बदल दिसो वा न दिसो. कालचं फंक्शन जिथे होतं तिथे आज भलताच कोड असतो आणि तिथे लिहायला गेलं की गेम कोसळतो. म्हणूनच आवृत्ती जुळली नाही तर एफ४एसई सुरूच व्हायला नकार देतो. हा नकार चांगला, सेव्ह फाइल तरी वाचते.

‘अ‍ॅड्रेस लायब्ररी’ने यावर अर्धा इलाज केला आहे. तिच्यात प्रत्येक आवृत्तीसाठी फंक्शनचा क्रमांक आणि पत्ता यांची वेगळी यादी असते. मॉड फक्त क्रमांक विचारतो. पण कंपायलरने एखादं फंक्शन दुसऱ्यात जिरवून टाकलं तर त्या क्रमांकाला पत्ताच उरत नाही.

तयारी अपडेटच्या आधीच करावी लागते. गेमचा अख्खा फोल्डर दुसऱ्या डिस्कवर कॉपी करायचा. मूळ गेमलाच ३० जीबी लागतात, त्यामुळे जागा आधी बघून ठेवावी. सेव्ह फाइल डॉक्युमेंट्समध्ये असतात, त्या वेगळ्या उचलायच्या. स्टीममध्ये, म्हणजे गेम विकत घ्यायच्या आणि चालवायच्या प्रोग्राममध्ये, ‘गेम सुरू केल्यावरच अपडेट’ हा पर्याय निवडायचा. इथेच पुष्कळजण फसतात: सवयीने स्टीमचं ‘प्ले’ दाबलं की अपडेट सुरू! गेम एफ४एसईच्या लोडरवरूनच उघडायचा. आणखी खबरदारी म्हणून स्टीमअ‍ॅप्स फोल्डरमधली ‘अ‍ॅपमॅनिफेस्ट_३७७१६०’ ही फाइल ‘रीड-ओन्ली’ करतात, म्हणजे स्टीमला ती बदलता येत नाही.

बॅकअप राहून गेला तरी स्टीमच्या कन्सोलमधून ‘डाउनलोड_डेपो’ या आज्ञेने जुन्या फाइली मिळतात. गेमचा, डेपोचा (गेमच्या फाइलींच्या एका गटाचा) आणि मॅनिफेस्टचा (त्या गटाच्या ठरावीक आवृत्तीचा) असे तीन क्रमांक द्यावे लागतात. गेम अनेक डेपोंत विभागलेला असल्याने हे काम किचकट आहे. नुसती एक्झी, म्हणजे गेम चालवणारी मुख्य फाइल, जुनी आणून तर मुळीच भागत नाही. अपडेटसोबत आलेल्या बीए२ फाइलींच्या (यांत गेममधली चित्रं, आवाज वगैरे असतं) हेडरमधला, म्हणजे सुरुवातीच्या भागातला, आवृत्ती क्रमांकही बदलला होता आणि जुन्या गेमला त्या वाचताच येत नव्हत्या. म्हणजे एकतर त्याही जुन्याच ठेवायच्या, नाहीतर जुन्या गेमला नव्या फाइली वाचायला लावणारा वेगळा मॉड टाकायचा.

‘फॉलआउट: लंडन’ हा प्रचंड मॉड २३ एप्रिललाच यायचा होता. दोन दिवसांनी पायाच हलणार म्हटल्यावर त्याच्या टीमने तारीख पुढे ढकलली आणि तो २५ जुलैला आला, तोही जुन्याच १.१०.१६३वर. स्टीमवाल्यांना त्यासाठी आधी गेम मागच्या आवृत्तीवर न्यावा लागला.