इंग्रजी आडनावाची पाटी सांगण्याआधी एवढं वाचा

जावई किंवा सून इंग्लंडची असली की लग्नात, वास्तुशांतीला त्यांच्या आडनावाची पितळी पाटी द्यायची आणि खाली मराठीत अर्थ कोरायचा, अशा ऑर्डरी हल्ली आमच्याकडे वरचेवर येतात. भेट खरंच सुंदर दिसते. पण बरेच जण अर्थ स्वतःच लिहून आणतात आणि घोळ तिथेच होतो.

‘वॉकर’चंच घ्या. शब्दकोशात पाहून ‘चालणारा’ किंवा ‘पदयात्री’ लिहून आणतात. एक पाटी आम्हीही तशीच कोरून दिली होती. ती परत आली. पितळेवरचं कोरलेलं अक्षर खोडता येत नाही, पत्राच नवा घ्यावा लागतो. तेव्हापासून अर्थ तपासल्याशिवाय आम्ही हत्यार लावत नाही.

वॉकर पाय चालवायचा, पण एकाच जागी. मागावरून उतरलेलं लोकरी कापड विरळ आणि तेलकट असतं. ते कुंडात टाकायचं, शिळं मूत्र आणि माती वापरून पायांनी तुडवत राहायचं; मग तेलकटपणा जातो, कापड आटतं, वीण घट्ट बसते. ती माती म्हणजे आपण चेहऱ्याला लावतो त्या मुलतानी मातीच्याच जातीची. पुढे बाराव्या शतकाच्या अखेरीपासून पाणचक्कीवरचे लाकडी हातोडे हे काम करू लागले, तरी माणसाचं नाव तेच राहिलं. हेच काम करणाऱ्याला उत्तरेकडे वॉकर, नैर्ऋत्येला डेव्हनकडे टकर आणि आग्नेयेला फुलर म्हणत. आडनावं तीन, धंदा एक.

आता न्यूकॅसलजवळ टाइन नदीकाठी वॉकर नावाची वस्तीही आहे. तिथे हेड्रियनची रोमन भिंत होती, आणि त्या गावनावाचा अर्थ ‘भिंतीजवळची दलदल’. आडनाव त्या गावावरून आलं असेल, तर ते आपल्या सातारकरांसारखं झालं. म्हणून नुसतं आडनाव व्हॉट्सॲप करू नका. घराणं मूळ कोणत्या परगण्यातलं, कोणत्या गावातलं, हे जावयांना विचारून कळवा. तिकडे चर्चच्या नोंदवह्या १५३८ पासून आहेत, सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी १८३७ पासून. बऱ्याच घरांत कुणीतरी आजी-काकांनी हे शोधून ठेवलेलं असतं.

‘कुळाचं चिन्ह’ मात्र आम्ही कोरत नाही. इंग्लंडात ढालीवरचं चिन्ह आडनावाला मिळत नाही, एखाद्या व्यक्तीला आणि तिच्या वंशजांना मिळतं. लंडनचं कॉलेज ऑफ आर्म्स १४८४ पासून हे काम पाहतं. दुसऱ्याचं चिन्ह आपल्या लेकीच्या दारावर कशाला? त्याऐवजी वॉकरांच्या पाटीवर आम्ही कुंड आणि त्यात दोन पावलं कोरतो. लोकांना ते फार आवडतं.

अर्थ तपासायला आठ दिवस लागतात, त्याचे वेगळे पैसे घेत नाही. मजकुराचा कच्चा कागद आधी दाखवतो आणि तुमची सही झाल्यावरच पाटी कोरायला घेतो. मुहूर्त जवळ असेल तर ऑर्डर देतानाच तारीख सांगा.