बारावी आयटी : ८० अधिक २० गुणांची पार्श्वभूमी

महाराष्ट्रातल्या कनिष्ठ महाविद्यालयांत संगणक आधी आला तो बायफोकलमधून, म्हणजे द्विलक्षी अभ्यासक्रमातून. त्यात नेहमीच्या विषयांसोबत एक व्यावसायिक विषय घेता येतो. कोठारी आयोगाने (१९६४-६६) १०+२+३ ची मांडणी सुचवताना दहावीनंतरच्या दोन वर्षांत व्यावसायिक शिक्षणाचा आग्रह धरला होता. द्विलक्षी विषय त्याच विचारातले. तिथला कॉम्प्युटर सायन्स २०० गुणांचा. दोन पेपर, प्रत्येकी ५० गुण लेखी आणि ५० प्रॅक्टिकल. त्यात सी प्लस प्लस, डेटा स्ट्रक्चर, ८०८५ मायक्रोप्रोसेसर (संगणकाची गणिती चिप) अशी भरणी. हा विषय विज्ञान शाखेचा. कॉमर्स किंवा आर्ट्सच्या मुलाला त्यात जागा नव्हती.

आयटीने, म्हणजे माहिती तंत्रज्ञान या विषयाने, ती जागा करून दिली. १०० गुणांचा एकच विषय, तिन्ही शाखांना खुला आणि प्रत्येक शाखेला वेगळे पुस्तक. बालभारतीची सध्याची पुस्तके अकरावीला २०१९-२० आणि बारावीला २०२०-२१ पासून आली. विज्ञानाच्या बारावीत प्रगत वेब डिझायनिंग, एसईओ (सर्च इंजिनमध्ये साइट वर आणणे), जावास्क्रिप्ट आणि पीएचपी या वेबच्या भाषा, नवे तंत्रज्ञान आणि ई-कॉमर्स व ई-गव्हर्नन्स हे धडे आहेत. सगळा रोख वेबवर. ८०८५ चा इथे मागमूस नाही, आणि तिन्ही शाखांसाठीच्या विषयात ते योग्यच आहे.

परीक्षा अडीच तासांची ऑनलाइन, ८० गुणांची. उरलेले २० प्रॅक्टिकलचे. रिकाम्या जागा, चूक की बरोबर आणि एक अचूक पर्याय यांना प्रत्येकी १० गुण. दोन अचूक पर्यायांच्या प्रश्नांना २०, तीन अचूक पर्यायांच्या प्रश्नांना ६, जोड्यांना ४. हे झाले ६० गुण. उरलेले २० थोडक्यात उत्तरे आणि प्रोग्रॅम यांत निम्मे निम्मे. एमसीक्यू (पर्यायी प्रश्न) पाठ करून आलेला विद्यार्थी अडतो तो इथे, कारण कोड स्वतः लिहावा लागतो.

प्रॅक्टिकलमध्येही तेच. एचटीएमएल (वेबपेज लिहिण्याची भाषा) मधल्या फॉर्ममध्ये ईमेल आणि मोबाइल क्रमांक तपासून घ्यायचा असतो. इनपुटचा प्रकार ‘ईमेल’ दिला की ब्राउझर @ नसल्याचे सांगतो. पण ‘टेल’ दिले तरी तो अंक मोजत नाही. दहा अंकांसाठी ‘पॅटर्न’, म्हणजे मजकूर कसा असावा याचा नियम, लिहावाच लागतो. बटण ‘सबमिट’ ऐवजी साधे ‘बटन’ प्रकारचे ठेवले, तर ही तपासणी आपोआप सुरूच होत नाही आणि मुले पॅटर्नमध्ये चूक शोधत बसतात. पीएचपीचा घोळ आणखी वेगळा. फाइलवर डबल क्लिक केले की ब्राउझर ती चालवू शकत नाही, कारण पीएचपी सर्व्हरवर चालते. झॅम्प (आपल्याच संगणकावर सर्व्हर चालवणारे सॉफ्टवेअर) वापरत असाल तर फाइल त्याच्या एचटीडॉक्स फोल्डरमध्ये ठेवा, त्यातला अपाची हा वेब सर्व्हर सुरू करा आणि ब्राउझरमध्ये पत्ता लोकलहोस्टपासून (म्हणजे हाच संगणक) टाइप करा.