परग्रहावरील मानवी वस्ती

पृथ्वीबाहेरच्या ग्रहावर माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या राहणे, तिथेच पिकवणे, तिथेच मुले वाढवणे. चार अंतराळवीर जाऊन आले तर तो मुक्काम. त्याला वस्ती म्हणता येत नाही. मराठवाड्यात हा फरक फार समजावावा लागत नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात लातुरात पाणवठ्यांभोवती जमावबंदी लागली आणि १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वेगाडी आली : दहा वाघिणी (टाकीचे मालडबे), पाच लाख लिटर, सुमारे ३४० किलोमीटरचा प्रवास. मंगळ अगदी जवळ येतो तेव्हाही साडेपाच कोटी किलोमीटरवर असतो. यान सोडण्याची सोयीची वेळ साधारण २६ महिन्यांतून एकदा येते आणि वाटेत सहा ते नऊ महिने जातात. तिथे टँकरच्या भरवशावर राहता येणार नाही.

बाकीचे ग्रह लवकर बाद होतात. शुक्राच्या पृष्ठभागावर सुमारे ४६५ अंश सेल्सिअस तापमान आणि पृथ्वीच्या नव्वदपट दाब आहे. गुरू-शनीला पाय ठेवायला जमीनच नाही. उरतो मंगळ. त्याचा दिवस आपल्यापेक्षा फक्त चाळीसेक मिनिटांनी मोठा, पण हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी आणि त्या हवेत ९५ टक्के कार्बन डायऑक्साइड. त्यातून ऑक्सिजन काढता येतो, हे मंगळावर उतरलेल्या नासाच्या ‘पर्सिव्हिअरन्स’ गाडीवरील ‘मॉक्सी’ या उपकरणाने २०२१ ते २०२३ मध्ये दाखवून दिले. एकूण १२२ ग्रॅम निघाला; एका माणसाला तो साडेतीन तास पुरेल. तरीही हा प्रयोग मोलाचा आहे, कारण परक्या ग्रहाच्या हवेतून श्वास काढण्याची ती पहिलीच वेळ होती.

शेतीचा प्रश्न अधिक कठीण, आणि तो इथल्या जमिनीवरून नीट कळतो. मराठवाड्याची काळी माती ज्या बेसाल्ट खडकापासून झाली, तोच खडक मंगळावर मुबलक आहे. पण आपल्याकडे त्या खडकाची माती व्हायला पाऊस, मुळे, गांडुळे, जिवाणू आणि हजारो वर्षे लागली. म्हणून ती ओल धरते. मंगळावर आहे तो नुसता चुरा, त्यात सेंद्रिय अंश जवळजवळ नाही. शिवाय २००८ मध्ये ‘फिनिक्स’ यानाला त्यात थायरॉइडला घातक असणारे परक्लोरेट क्षार आढळले. ते धुऊन काढायचे तर पुन्हा पाणीच हवे. जमिनीखाली बर्फ आहे, हेही त्याच यानाने उकरून दाखवले. तो खणून वितळवायला लागणारी ऊर्जा हा पुढचा खर्च.

किरणोत्साराची मात्रा मंगळावरच्या ‘क्युरिऑसिटी’ या गाडीने मोजली : रोज सुमारे ०.६७ मिलिसिव्हर्ट. पृथ्वीवर वर्षभरात नैसर्गिकरीत्या मिळते तेवढी तिथे चार दिवसांत. यावर उपाय म्हणजे काही मीटर खडकाखाली राहणे. वेरूळचे कैलास लेणे आठव्या शतकात याच बेसाल्ट जातीच्या खडकात वरून खाली कोरले गेले. मंगळावर लाव्हाच्या नैसर्गिक पोकळ्यांतील घरांचा विचार होतो तेव्हा हे उदाहरण आठवल्यावाचून राहत नाही.

शरीराच्या प्रश्नाचे मात्र उत्तर मिळालेले नाही. वजनरहित अवस्थेत भार पेलणाऱ्या हाडांची घनता दरमहा एक ते दीड टक्का घटते. मंगळाचे गुरुत्व पृथ्वीच्या ३८ टक्के. शून्याहून जास्त पण पृथ्वीहून कमी गुरुत्वात माणूस सलग राहिला तो फक्त चंद्रावर, तोही जास्तीत जास्त तीन दिवस. गर्भ मंगळावर वाढेल का, हा वस्तीचा खरा प्रश्न. माझ्या मते रॉकेटपेक्षा मोठा.

बंदिस्त जगणे पृथ्वीवरही जमलेले नाही. १९९१ मध्ये अ‍ॅरिझोनात ‘बायोस्फिअर २’ या काचघरात आठ जण दोन वर्षांसाठी राहिले. मातीतील जिवाणूंनी ऑक्सिजन वापरून कार्बन डायऑक्साइड सोडला, तो झाडांऐवजी काँक्रीटने शोषला, आणि प्राणवायू २१ टक्क्यांवरून साडेचौदाच्या आसपास आल्यावर बाहेरून सोडावा लागला. उलट आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात घाम आणि लघवीसह ९८ टक्के पाणी परत वापरात येऊ लागले आहे. आज हीच सर्वांत आश्वासक बाजू.

१९६७ च्या बाह्य अवकाश करारानुसार परग्रहाच्या जमिनीचा सातबारा कोणत्याही देशाच्या नावे होऊ शकत नाही. तिथे जन्मलेले मूल कुठले नागरिक आणि उकरलेल्या बर्फावर पहिला हक्क कोणत्या वस्तीचा, याबद्दल करारात तरतूद नाही.