46 टक्के म्हणजे किती?

मुलगा-मुलगी दोघंही इंजिनिअर, घरं तोलामोलाची, तरी पत्रिका जुळत नाही म्हणून स्थळ मोडतं. पुण्यात हे आजही नवं नाही. म्हणूनच 2008 साली याच शहरात फलज्योतिषाची जी चाचणी झाली, ती घराघरांत माहीत असायला हवी असं मला मनापासून वाटतं.

तिच्यामागे एक वाद होता. विद्यापीठांत ज्योतिषाचे अभ्यासक्रम सुरू करायची योजना विद्यापीठ अनुदान आयोगाने 2001 च्या सुमारास आणली आणि देशभरातल्या वैज्ञानिकांनी तिला विरोध केला. पण निषेधाच्या पत्रकांनी लोकांची मतं सहसा बदलत नाहीत. पुण्यातल्या 'आयुका' या खगोलशास्त्र संशोधन संस्थेचे खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर पुढे गेले: ज्योतिषी जे सांगता येतं म्हणतात, तेच तपासून पाहायचं. संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे (अंनिस) नरेंद्र दाभोलकर आणि ज्योतिषाचे जाणकार प्रकाश घाटपांडे त्यांच्यासोबत होते.

शाळांमधून मुलांचे जन्मतपशील गोळा झाले. 100 मुलं हुशार, 100 मतिमंद. संगणकावर पत्रिका मांडल्या, नावांऐवजी सांकेतिक क्रमांक दिले. प्रत्येक ज्योतिषाकडे सरमिसळ केलेल्या 40 पत्रिका गेल्या. प्रत्येक पत्रिका हुशार मुलाची की मतिमंद मुलाची, एवढंच सांगायचं.

27 ज्योतिषांनी उत्तरं पाठवली. बरोबर उत्तरांची सरासरी 46 टक्के.

इथे घोटाळा होतो. दहावीला 35 टक्क्यांवर पास व्हायची सवय असलेल्या आपल्याला 46 वाईट वाटत नाहीत. काहीतरी तथ्य असणारच, असं वाटून जातं. पण उत्तरं दोनच असतील तर डोळे मिटून नाणं उडवणाराही सरासरी 50 टक्के बरोबर येतो. 40 वेळा नाणं उडवलं, तर शंभरातल्या सुमारे 96 खेपांना छापा 14 ते 26 च्या दरम्यान पडतो. 28 किंवा त्याहून जास्त पडण्याची शक्यता शंभरात एकाहूनही कमी. म्हणून 40 पैकी 28 बरोबर हा निकष होता. तिथवर कुणीच पोचलं नाही. एका ज्योतिषसंस्थेने सगळ्या 200 पत्रिका तपासल्या, तिची 102 उत्तरं बरोबर आली.

मला यात सर्वांत मोलाचं वाटतं ते म्हणजे निकष आधी ठरला, उत्तरं नंतर आली. रोजच्या जगण्यात आपण उलटं करतो. खरं ठरलेलं भाकीत वर्षानुवर्षं सांगत राहतो, चुकलेली दहा विसरतो. विश्वास असा साठत जातो, त्यात माणसाच्या बुद्धीचा दोष नाही. वैद्यकातही नव्या औषधाची चाचणी घेताना औषध कुणाला आणि औषध नसलेली साधी गोळी कुणाला हे लपवतात, ते याच स्वभावामुळे.

या चाचणीने बुद्धिमत्तेपुरतं उत्तर दिलं. गुणमेलनाचा प्रश्न वेगळा आहे. पण तोही असाच तपासता येईल. दीर्घकाळ सुखाने नांदलेली जोडपी आणि घटस्फोट झालेली जोडपी, दोन्हींच्या पत्रिका नावं झाकून एकत्र करायच्या, किती उत्तरं बरोबर आली तर दावा मान्य करायचा ते ज्योतिषांसोबत बसून आधीच ठरवायचं, आणि मग पत्रिका त्यांच्या हाती द्यायच्या. पुण्यातल्या एखाद्या महाविद्यालयाच्या संख्याशास्त्र विभागाने हे जरूर हाती घ्यावं.