प्रीप्रिंट आणि अप्रकाशित निबंधांचे संदर्भ : नियमांची पार्श्वभूमी

कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात पदार्थविज्ञानात किंवा सूक्ष्मजीवशास्त्रात संशोधन करणारा विद्यार्थी निबंधाची संदर्भसूची लावू लागतो, तेव्हा अनेकदा असे होते की, ज्या लेखनातून त्याने कल्पना घेतली ते अजून कोणत्याही नियतकालिकात छापून आलेले नसते; ते एकतर प्रीप्रिंट, म्हणजे तज्ज्ञांच्या तपासणीपूर्वीच लेखकाने सर्वांसाठी खुला केलेला निबंध असते, किंवा अप्रकाशित हस्तलिखित असते. एक नियतकालिक असा संदर्भ सूचीत चालवून घेते, दुसरे तो केवळ मजकुरात कंसात द्यायला सांगते, तर तिसरे तो काढूनच टाकायला लावते. ही विसंगती समजून घ्यायची, तर सुमारे साठ वर्षे मागे जावे लागते.

1961 साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने जीवशास्त्रज्ञांचे माहिती-विनिमय गट सुरू केले. सभासदांनी आपला छपाईपूर्व निबंध पाठवायचा आणि संस्थेने त्याच्या प्रती टपालाने सर्वांना धाडायच्या, अशी ती योजना होती. काही वर्षांतच सभासदसंख्या साडेतीन हजारांवर गेली आणि अडीच हजारांहून अधिक लेखांची देवाणघेवाण झाली. मात्र 1966 मध्ये जीवरसायनशास्त्राच्या प्रमुख नियतकालिकांच्या संपादकांनी असे फिरवलेले निबंध न स्वीकारण्याचा पवित्रा घेतला आणि 1967 मध्ये संस्थेला हा उपक्रम गुंडाळावा लागला. समीक्षा, म्हणजे त्याच विषयातील तज्ज्ञांकडून तपासणी, न झालेले लेखन पसरू नये, ही संपादकांची चिंता खरी होती. परंतु प्रथम प्रकाशनाचा हक्क हातचा जाण्याची भीतीही तितकीच खरी होती, असे माझे मत आहे. 1969 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’चे संपादक फ्रान्झ इंगेलफिंगर यांनी अन्यत्र प्रसिद्ध झालेले संशोधन स्वीकारणार नाही, असा नियम घातला आणि वैद्यकातील इतर नियतकालिकांनीही तोच मार्ग धरला.

संदर्भांच्या नियमांवर या वातावरणाची छाया पडली. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांचा जो गट 1978 मध्ये व्हँकूव्हरला एकत्र आला, त्याच्या परंपरेतील सूचनांनुसार स्वीकारलेला पण अद्याप न छापलेला निबंध ‘मुद्रणाधीन’ म्हणून सूचीत येऊ शकतो. केवळ सादर केलेल्या, स्वीकृती न मिळालेल्या हस्तलिखितातील माहिती मात्र मूळ लेखकाच्या लेखी परवानगीने, मजकुरातच ‘अप्रकाशित निरीक्षणे’ म्हणून नोंदवावी लागते. वाचकाला जे तपासून पाहता येत नाही त्यावर युक्तिवाद उभा राहू नये, हा यामागचा विचार आजही योग्य आहे.

भौतिकशास्त्राची वाट वेगळी होती. उच्च ऊर्जा भौतिकीत हस्तलिखितांच्या प्रती टपालाने पाठवण्याची प्रथा आधीपासूनच रुळलेली होती. ऑगस्ट 1991 मध्ये भौतिकशास्त्रज्ञ पॉल गिन्सपार्ग यांनी अमेरिकेतील लॉस अलामोस येथे सुरू केलेल्या आणि पुढे ‘अर्काइव्ह’ या नावाने ओळखल्या गेलेल्या इंटरनेटवरील संग्रहाने तिला स्थिर क्रमांक, तारीख आणि आवृत्ती दिली. साहजिकच लेखन कोणालाही उघडून पाहता येऊ लागले आणि ‘तपासता येत नाही’ हा आक्षेप तेवढ्यापुरता उरला नाही. गणितज्ञ ग्रिगोरी पेरेलमन यांनी दीर्घकाळ न सुटलेल्या प्वाँकारे अनुमानाची सिद्धता 2002 आणि 2003 मध्ये याच संग्रहावर ठेवली. नियतकालिकाकडे ती पाठवलीच नाही. अशा लेखनाचा संदर्भच नको म्हणणारा नियम गणितात टिकणे शक्य नव्हते.

जीवशास्त्रात हा बदल उशिरा आला. 2013 मध्ये जीवशास्त्रातील प्रीप्रिंटसाठी ‘बायोअर्काइव्ह’ आणि 2019 मध्ये वैद्यकासाठी ‘मेडअर्काइव्ह’ हे संग्रह सुरू झाले. ज्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेला 1967 मध्ये माघार घ्यावी लागली होती, तिनेच मार्च 2017 मध्ये अनुदानाच्या अर्जांत प्रीप्रिंटचे संदर्भ देण्यास मुभा दिली. पण 2020 च्या साथीत दुसरी बाजूही दिसली : नव्या विषाणूचे एचआयव्हीशी साधर्म्य सुचवणारा एक भारतीय प्रीप्रिंट जानेवारीअखेरीस आला, जगभर पसरला आणि टीकेनंतर काही दिवसांतच लेखकांनी तो मागे घेतला. उलट टोकाचे उदाहरण ऑस्ट्रेलियाचे आहे. तेथील संशोधन परिषदेने 2021 मध्ये प्रीप्रिंटचा उल्लेख असल्याच्या कारणावरून अर्ज अपात्र ठरवले. त्यावर संताप उसळला आणि परिषदेला तो नियम बदलावा लागला.

आपल्याकडे या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2016 च्या नियमांनुसार पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्यापूर्वी निदान एक निबंध समीक्षित नियतकालिकात येणे आवश्यक होते. 2022 च्या नियमांत ही सक्ती राहिली नाही. सक्तीच्या त्या काळात प्रीप्रिंट ‘प्रकाशन’ म्हणून मोजला जात नसल्याने तो संदर्भासाठीही कमअस्सलच, असा समज दृढ झाला. वास्तविक आपले काम कोठे मोजले जाते आणि दुसऱ्याचे ऋण कोठे नोंदवायचे, हे दोन निराळे प्रश्न आहेत. महागड्या नियतकालिकांची वर्गणी प्रत्येक महाविद्यालयाला परवडत नाही; तेथील विद्यार्थ्याने मोफत मिळणारा प्रीप्रिंट वाचला असेल, तर त्याचा उल्लेख टाळणे ही मूळ संशोधकावर अन्याय करणारी गोष्ट ठरते.

वैद्यकीय संपादकांच्या त्याच गटाच्या अलीकडच्या सूचना या दिशेने आल्या आहेत : प्रीप्रिंटचा संदर्भ देताना तो प्रीप्रिंट असल्याचे स्पष्ट लिहावे आणि दरम्यान तोच निबंध समीक्षेनंतर प्रसिद्ध झाला आहे का, हे पाहून शक्यतो त्या आवृत्तीचा संदर्भ द्यावा. वापरलेल्या आवृत्तीचा क्रमांकही सोबत नोंदवावा, कारण पहिल्या आणि तिसऱ्या आवृत्तीतील निष्कर्ष वेगळे असू शकतात. ज्या नियतकालिकाच्या सूचनांमध्ये याविषयी काहीच लिहिलेले नाही, त्याच्या संपादकांना निबंध पाठवण्यापूर्वीच पत्राने विचारून घेणे श्रेयस्कर आहे.