फुगलेल्या बॅटरीत हवा नसते

"बॅटरीनं हवा धरलीय सर. टाचणीनं काढून देतो की, पाच मिनिटांचं काम."

एप्रिलमधली गोष्ट. बेळगावच्या शहापुरात आमच्या गल्लीत एक रिक्षावाले काका राहतात, त्यांचा फोन घेऊन मी दुरुस्तीच्या दुकानात गेलो होतो. फोनची पाठ एका बाजूनं उचलली होती, फटीत नख सहज जात होतं. आतली बॅटरी दुधाच्या पिशवीसारखी तट्ट फुगलेली. दुकानातलं पोरगं कामसू होतं, मनानं चांगलं होतं, पण त्याच्या हातातली टाचणी मी आधी काढून घेतली.

त्या पाकिटात हवा नसते. बाहेरून काही आत शिरलेलं नसतं. आतलाच द्रव मोडून त्याचा वायू झालेला असतो.

लिथियम-आयन बॅटरीत एका बाजूला ग्रॅफाइट असतं, दुसऱ्या बाजूला बहुधा कोबाल्टचं ऑक्साइड. मध्ये प्लॅस्टिकचा सच्छिद्र पडदा, साधारण १० ते २५ मायक्रॉनचा, म्हणजे केसापेक्षा कितीतरी पातळ. हे सगळं एका सेंद्रिय द्रावणात भिजलेलं असतं. चार्जिंग करताना लिथियमचे आयन ग्रॅफाइटच्या थरांत जाऊन बसतात, वापरताना परत येतात.

आता खरी गंमत. चार्ज झालेल्या ग्रॅफाइटपुढे हे द्रावण टिकूच शकत नाही, शिवताक्षणी मोडतं. मग बॅटरी चालते कशी? तापवलेल्या दुधावर साय धरते, तशी पहिल्याच चार्जिंगला मोडलेल्या द्रावणाची एक साय ग्रॅफाइटवर धरते. रसायनतज्ज्ञ तिला एसईआय थर म्हणतात. हा थर लिथियमच्या आयनांना वाट देतो, इलेक्ट्रॉनना अडवतो, त्यामुळे पुढची मोडतोड जवळजवळ थांबते. ही साय धरताना वायू निघतो, त्यात इथिलीन असतं. आंबा पिकवणारा तोच हा वायू. म्हणून कारखान्यात पाकिटाला एक जादा कप्पा ठेवतात, पहिल्या चार्जिंगचा वायू त्यात गोळा करून काढतात आणि मगच पाकीट कायमचं बंद करतात. म्हणजे तुमच्या हातात येण्याआधीच बॅटरी एकदा फुगून गेलेली असते!

पण साय अखंड राहत नाही. लिथियम आत शिरलं की ग्रॅफाइट सुमारे १० टक्के फुगतं, बाहेर पडलं की आकसतं. सायीला तडे जातात, तड्यातून ताजं द्रावण आत येतं, मोडतं, नवी साय धरते, पुन्हा थोडा वायू. हे रोजचं आहे, हळू आहे. चिंता वाढते ती दुसऱ्या टोकाला. बॅटरी पूर्ण भरली की व्होल्टेज ४.२ ते ४.४५ व्होल्टच्या आसपास जातं. तिथं कोबाल्ट ऑक्साइडच्या पृष्ठभागावर द्रावणाचं ऑक्सिडीकरण होऊन कार्बन डायऑक्साइड सुटतो. त्यात उष्णतेची भर पडली की बघायलाच नको. ढोबळ नियम असा, की तापमान १० अंशांनी वाढलं की अशा क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो. २५ अंशांवरून ४५ वर गेलात की चौपट.

काकांचा फोन दिवसभर काचेजवळ उन्हात, नकाशा चालू, चार्जर लावलेला, शंभर टक्के भरलेला. स्टेशन ते हिंडलगा, हिंडलगा ते स्टेशन. "बेळगाव थंड गाव हाय की," ते म्हणाले. गाव थंड आहे, काचेमागचा काळा फोन नाही.

टाचणी टोचली असती तर पडदा फाटून दोन्ही बाजू एकमेकींना भिडल्या असत्या, आत ठिणगी, बाहेर पडणारा वायू ज्वलनशील. शिवाय द्रावणातलं फ्लोरिनयुक्त मीठ दमट हवेत हायड्रोजन फ्लोराइड सोडतं, ते फुप्फुसं जाळतं. बॅटरी फ्रिजमध्ये ठेवा म्हणणाऱ्यांनाही माझं हेच सांगणं आहे, मोडलेला द्रव थंडीनं परत जुळत नाही. आणि 'रेडिएशन शोषून बॅटरी वाचवणारे' सोनेरी स्टिकर घेऊ नका. बॅटरी बिघडते ती रसायनानं, तिथं स्टिकर काय करणार?

रात्रभर चार्जिंगनं बॅटरी 'ओव्हरचार्ज' होते हाही समज तितकासा बरोबर नाही, फोनमधलं सर्किट प्रवाह तोडतं. तोटा होतो तो तासन् तास शंभर टक्क्यांवर राहण्याचा. सेटिंगमध्ये ८० टक्क्यांची मर्यादा असेल तर ती लावा. चार्जिंगला जाड कव्हर काढा. फोन उशीखाली नको. जुना फोन कपाटात टाकायचा असेल तर अर्धा भरून ठेवा. दुकानात पेमेंटच्या मेसेजसाठी जुना फोन कायम चार्जरला टांगलेला दिसतो, त्याची पाठ महिन्यातून एकदा तरी बोटानं चाचपा. नवा फोन 'आठ तास चार्ज करून मगच वापरा' हा जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या काळातला सल्ला. बॅटरी बदलताना आयएस १६०४६ हा बॅटरीसाठीचा भारतीय मानक क्रमांक बघून घ्या.

फुगलीच तर फोन बंद करा, चार्जरला लावू नका, पाठ दाबून बसवू नका. कचऱ्याच्या गाडीत तर मुळीच नको. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे.

काकांची बॅटरी मी सेवा केंद्रात देईपर्यंत दोन दिवस वाळू भरलेल्या पत्र्याच्या डब्यात गच्चीच्या सावलीत ठेवली. त्यांच्या रिक्षात फोन आता काचेजवळ नसतो, हँडलच्या खाली सावलीत टांगलेला असतो. चार्जर ते जेवायला घरी आल्यावरच लावतात.