फोम रोलर: आधाराकडून दाबाकडे

जिममध्ये हल्ली लोक मांडीखाली फोम रोलर, म्हणजे फोमचा लांबट दंडगोल, घेऊन दात-ओठ खात पुढे-मागे सरकताना दिसतात. जेवढं दुखेल तेवढा गुण, असा त्यामागचा हिशेब. हाच रोलर आधी हालचालीच्या शिक्षणात वापरात होता. तिथे त्याच्याकडून नेमकी उलट अपेक्षा होती: स्नायूंचं काम कमी करायचं आणि कुठेही दुखू द्यायचं नाही. ही उलटापालट कशी झाली हे पाहायचं तर हालचालीतून शिकवण्याची स्वतःची पद्धत उभी करणारे मोशे फेल्डेनक्राइस यांच्यापासून सुरुवात करावी लागते.

फेल्डेनक्राइस यांचा जन्म १९०४ साली, आजच्या युक्रेनमधल्या स्लावुटा गावी. किशोरवयातच ते पॅलेस्टाइनला गेले. तिथे अंगमेहनतीची कामं केली, शिक्षण पूर्ण केलं, स्वसंरक्षणाचे डावपेच शिकले आणि इतरांना शिकवले. १९२९ साली फुटबॉल खेळताना गुडघा जायबंदी झाला. पुढे पॅरिसला जाऊन ते इंजिनिअर झाले आणि अणुशास्त्रज्ञ फ्रेदेरिक जोलियो-क्युरी यांच्या प्रयोगशाळेत संशोधन करू लागले. १९३३ मध्ये ज्युदोचे जनक जिगोरो कानो पॅरिसला आले होते, तेव्हा त्यांची गाठ पडली आणि फेल्डेनक्राइस ज्युदोकडे वळले. १९४० मध्ये जर्मन फौजा पॅरिसच्या दाराशी आल्या, तेव्हा ते निसटून ब्रिटनला पोचले. स्कॉटलंडमधल्या फेअर्ली इथे ब्रिटिश नौदलासाठी पाणबुडीविरोधी संशोधनात त्यांनी युद्धाची वर्षं काढली. ओलसर, निसरड्या डेकवर जुना गुडघा पुन्हा डोकं वर काढू लागला.

शस्त्रक्रियेच्या यशाची खात्री कोणी देईना, म्हणून त्यांनी ती टाळली. अंथरुणावर पडून अगदी बारीक हालचाली करायच्या, पाऊल टेकताना कंबर काय करते, श्वास कुठे अडतो हे न्याहाळायचं, असा उद्योग त्यांनी आरंभला. त्यांच्या पद्धतीचा पाया तिथे पडला. त्यात इंजिनिअर आणि ज्युदोपटू दोघेही दिसतात: वजन कुठून कुठे जातं, तोल कशावर उभा आहे, आणि कमीत कमी जोरात काम कसं होतं.

१९५०च्या दशकात ते तेल अवीवमध्ये स्थिरावले. अलेक्झांडर यानाई रस्त्यावर त्यांचे सामूहिक वर्ग भरत. लोक जमिनीवर पडून नुसत्या तोंडी सूचनांवर हालचाल करत. याच काळात इस्रायलचे पंतप्रधान बेन-गुरियन समुद्रकिनाऱ्यावर शीर्षासन करतानाचे फोटो जगभर गेले. सत्तरीतल्या त्या माणसाला डोक्यावर उभं केलं ते फेल्डेनक्राइस यांनीच. दुसरीकडे नाहमानी रस्त्यावरच्या खोलीत ते एकेका माणसाला हाताने शिकवत. समोरचा त्यांच्या लेखी विद्यार्थी, रुग्ण नव्हे, आणि तासाभराची भेट म्हणजे धडा. रोलर इथले. आधी ते लाकडी होते.

त्यांचं काम समजायला एक अगदी साधा प्रसंग पुरे. माणूस बुटक्या, रुंद टेबलावर उताणा पडला आहे, पाय सरळ आहेत. पाय सरळ असले की मांडी उचलणारे स्नायू ताणलेले राहतात आणि कमरेला कमानीत ओढतात. ज्याची कंबर सतत आखडलेली असते, त्याच्या पाठीखालून अशा वेळी अख्खा तळहात आरपार जातो. आता गुडघ्यांखाली एक रोलर सरकवला. खुबे थोडे वाकले, पुढची ओढ सैल झाली आणि कंबर हळूहळू टेबलावर उतरू लागली. कोणी तिला दाबलं नाही, ‘सैल सोडा’ असंही म्हटलं नाही. (माझ्या मते ‘सैल सोडा’ ही जगातली सर्वांत निरुपयोगी सूचना आहे, ती ऐकली की माणूस आणखी ताठरतो.) जे काम स्नायू विनाकारण करत होते ते रोलरने अंगावर घेतलं, म्हणून स्नायूंना ते सोडता आलं. आणखी एक लहान रोलर घोट्यांखाली, एखादी गुंडाळी मानेखाली. मग शिक्षक गुडघ्यांखालचा रोलर दोन बोटं पुढे, दोन बोटं मागे फिरवतो. पाय आपोआप हलतात, त्यांच्याबरोबर ओटीपोट, मणके आणि शेवटी हनुवटीही हलकेच हलते. पाय हलला की डोक्यापर्यंत काहीतरी पोचतं, हे माणसाला सांगावं लागत नाही.

इतक्या हळुवारपणामागे शास्त्र होतं. एकोणिसाव्या शतकातले जर्मन शरीरशास्त्रज्ञ वेबर यांनी दाखवून दिलं होतं की फरक जाणवायचा तर तो मूळ उद्दीपनाच्या प्रमाणात असावा लागतो. हातात लोखंडी कांब असेल तर तिच्यावर माशी बसली की उडाली ते कळणार नाही. हातात पीस असेल तर कळेल, असा दाखला फेल्डेनक्राइस देत. जोर जितका जास्त तितकी जाण बोथट. म्हणून आधी जोर काढून घ्यायचा आणि मग शिकवायचं.

रोलरचा दुसरा उपयोग वेगळा. लांब रोलरवर पाठीचा कणा टेकवून उताणं पडलं की खालचा आधार डुगडुगतो. डोळे छताकडे, तळवे जमिनीवर, आणि तोल सावरायला शरीर असंख्य बारीक दुरुस्त्या करत राहतं. रोलरवरून खाली उतरून जमिनीवर पडलं की पाठीचा स्पर्श निराळाच वाटतो. इथे रोलर आरामासाठी नसतो, मज्जासंस्थेला प्रश्न विचारण्यासाठी असतो.

लाकडाची जागा फोमने घेतली ती अमेरिकेत. १९७२ मध्ये फेल्डेनक्राइस यांनी कॅलिफोर्नियात एसालेन या शिबिरकेंद्रात शिकवलं, १९७५ ते ७७ सॅन फ्रान्सिस्कोत शिक्षक घडवण्याचं पहिलं मोठं अमेरिकी प्रशिक्षण दिलं, आणि १९८० पासून मॅसॅच्युसेट्समधल्या अ‍ॅम्हर्स्टला दुसरं. पॉलिएथिलीनचा फोम तिकडे पॅकिंगच्या सामानात मुबलक होता. वजनाला हलका, अंगाला गार न लागणारा, हवा तसा कापता येणारा. तीन फूट लांब आणि सहा इंच व्यासाचा पांढरा रोलर पुढे जणू ठरूनच गेला. उभा चिरला की अर्धगोल, म्हणजे न डुगडुगणारा रोलरही तयार. १९८४ मध्ये फेल्डेनक्राइस गेले, पण तोवर त्यांचे अमेरिकी विद्यार्थी आणि काही फिजिओथेरपिस्ट हे रोलर सर्रास वापरू लागले होते.

इथे पुण्याचा उल्लेख ओघानेच येतो. सॅन फ्रान्सिस्कोचं प्रशिक्षण सुरू झालं त्याच १९७५ साली बी. के. एस. अय्यंगार यांची संस्था पुण्यात उभी राहिली, आणि तिथेही लाकडी ठोकळे, लोड, पट्टे, दोर असा सरंजाम होता. व्हायोलिनवादक येहुदी मेन्युहिन या दोघांकडेही शिकले. अय्यंगारांशी त्यांची भेट १९५२ मध्ये मुंबईत झाली होती. लोडावर पाठ टाकून केलेलं सुप्त बद्धकोणासन आणि गुडघ्यांखालचा रोलर यांचं तर्कशास्त्र एकच, शरीराला आधार द्या म्हणजे ते धरून ठेवलेलं सोडेल. फरक असा की अय्यंगारांना आसनाची नेमकी आकृती हवी असे. फेल्डेनक्राइस यांना कुठल्याच आकृतीशी देणंघेणं नव्हतं.

रोलरचा दाबण्यासाठी वापर १९८०च्या दशकाच्या अखेरीस वाढला. या संदर्भात न्यूयॉर्कचे फिजिओथेरपिस्ट शॉन गॅलाघर यांचं नाव नेहमी घेतलं जातं. ब्रॉडवेच्या नाटकांतल्या नर्तकांना त्यांनी रोलरने स्वतःच स्वतःला मालिश करायला शिकवलं. (‘पिलाटीज’ या व्यायामप्रकाराच्या नावाच्या ट्रेडमार्कवर हक्क सांगणारे गॅलाघर हेच, न्यूयॉर्कच्या न्यायालयाने २००० साली तो हक्क फेटाळला.) रोज आठ-दहा तास नाचणाऱ्याला मालिशवाला परवडत नाही, त्यामुळे ही युक्ती पसरली यात नवल नाही. तिला सिद्धान्ताची जोड मिळाली ती फॅशियाच्या, म्हणजे स्नायूंवरच्या आवरणाच्या, कल्पनेतून. आवरणाला गाठी पडतात आणि त्या दाबून मोकळ्या करायच्या, असा तो विचार. २००० नंतर फिटनेस प्रशिक्षकांच्या अभ्यासक्रमांत तो शिरला आणि रोलर बदलला: पांढऱ्या मऊ फोमच्या जागी काळा टणक फोम, मग आत पोकळ प्लॅस्टिकचा पाइप आणि वर उंचवटे. आधार देणारी वस्तू लाटण्याच्या कामाला लागली.

गंमत म्हणजे या सिद्धान्ताला तडा देणाऱ्यांत फेल्डेनक्राइस पद्धतीचा एक शिक्षकही आहे. तो म्हणजे जर्मन संशोधक रॉबर्ट श्लाइप. ते सहलेखक असलेल्या २००८च्या एका गणिती अभ्यासात दिसलं की मांडीचं बाहेरचं किंवा तळपायाचं जाड आवरण नुसतं एक टक्का दाबायलाही हाताच्या आवाक्याबाहेरचा जोर लागेल. तरीही रोलर फिरवल्यावर मोकळं वाटतं हे खरंच आहे. त्याचं कारण बहुधा आवरणात कमी आणि मज्जासंस्थेत जास्त आहे: काही काळ दुखणं कमी जाणवतं, ताण सहन होतो. २०१९ मध्ये २१ अभ्यासांचा एकत्रित आढावा निघाला. त्यात व्यायामाची कामगिरी आणि थकवा भरून येणं यांवर रोलरचा परिणाम एकंदरीत किरकोळच ठरला.

म्हणून मांडीच्या बाहेरच्या बाजूवर टणक रोलर रगडत डोळ्यांत पाणी आणण्याला मला काही अर्थ दिसत नाही. हाताने शिकवणाऱ्यांकडे मऊ पांढरा रोलर अजून वापरात आहे. काही वर्षांत तो मधोमध चपटा होतो, मग बदलावा लागतो.